राणी नसलेली पेटी

राणी मेलेल्या मधमाश्यांच्या पेटीला कान लावला तर आतून एक वेगळाच आवाज येतो. एरवीची पेटी एका सुरात गुणगुणते. राणी गेली की तो सूर फाटतो. माश्या आत धावत सुटतात, भिंतींवर चढतात, उतरतात, एकमेकींना हुंगतात, दाराशी येऊन उगाच परत फिरतात, आणि त्या सगळ्याचा मिळून एक कण्हल्यासारखा, चढउतार होणारा आवाज होतो. तो मी पहिल्यांदा ऐकला लालबागमध्ये, काकांच्या चाळीच्या गच्चीवर, भर उन्हाळ्यात. ऐकताक्षणी तो मला ओळखीचा वाटला. वर्षभर माझ्या मनात असंच काहीतरी चाललं होतं. आजही, एवढं वय झाल्यावरही, एका जागी फार वेळ बसवत नाही मला. घरातले हसतात. हसू देत.

मी त्या घरात वाढले, पण त्या घरात जन्मले नव्हते. माझे आईवडील गावी होते, कणकवलीच्या पुढे. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. काकीचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा काका गावी आले आणि वडिलांना म्हणाले, "मंदाला घेऊन जातो. एक वर्ष हाताशी राहील, मग तिथेच शाळेत घालतो. मुंबईची शाळा." आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. गिरणगावातल्या निम्म्या खोल्यांत असा एखादा गावचा मुलगा नाहीतर मुलगी असायचीच. मुलगा असला तर तो नोकरीसाठी यायचा, मुलगी असली तर हाताशी. मी आठवी पास झालेली. शाळा सोडल्याचा दाखला आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या ट्रंकेच्या तळाशी ठेवला. निघताना ती रडली नाही, म्हणाली, "शिकशील तर सुटशील." हे ती गाय सोडताना बोलावं तितक्या सहज बोलली आणि आत निघून गेली.

काकांना एकच मुलगी, वैशाली. माझ्याच वयाची. आम्ही दोघी आजीच्या वळणावर गेलेल्या, तेच रुंद कपाळ, तोच किंचित वाकडा पुढचा दात. मी आले तेव्हा चाळीतल्या बायका विचारायच्या, "जुळ्या का गो?" वर्ष संपेपर्यंत कुणी विचारेनासं झालं. वैशाली ताडकन उंच झाली, मी होते तेवढीच राहिले. तिच्या वेण्या जाड, माझ्या उंदराच्या शेपट्या. वैशाली वाईट नव्हती, उलट फार मायाळू. शाळेतून आली की गॅलरीत बसून मला सगळं सांगायची, बाईंच्या नकला करायची. मी तांदूळ निवडत ऐकायची आणि आतल्या आत चडफडायची. तिचा भूगोलाचा धडा मला तिच्याआधी पाठ व्हायचा, कारण ती मोठ्याने वाचायची आणि खोली एकच होती.

त्या खोलीत खाण्याचा एक क्रम होता आणि तो कुणी कधी मोठ्याने सांगितला नव्हता. सकाळी दूधवाला आला की पहिला पेला वैशालीचा, सायीसकट. तिचं डोकं चालायला हवं ना! उरलेल्या दुधात पाणी पडायचं आणि त्याचा चहा व्हायचा. मला चहा आणि रात्रीची भाकरी. बांगडा आणला की मधल्या तुकड्या काकांच्या आणि वैशालीच्या पानात, डोकं आणि शेपटी काकीच्या आणि माझ्या. काकी जेवायला माझ्याबरोबरच बसायची, सगळ्यांचं झाल्यावर. तीही तेच खायची. हे मला रोज दिसत होतं, पण माझी नजर वैशालीच्या पेल्यावर खिळलेली असायची. भुकेल्या माणसाला दुसऱ्याचंच ताट दिसतं.

आणि या सगळ्यात गच्चीवर माश्या. काकांची मिल बंद पडली होती, नंतर परळच्या एका हॉस्पिटलच्या बागेत त्यांना माळीकाम मिळालं. तिथे कुणीतरी मधमाश्या पाळायचं शिबिर भरवलं, आणि काका पेटून उठले. लहानपणी गावच्या घरात भिंतीतल्या कोनाड्यात सातेरी जातीच्या माश्यांचं पोळं होतं, ते त्यांच्या डोक्यात बसलेलं. गावाहून एस्टीने फडक्यात गुंडाळलेली पेटी मांडीवर घेऊन ते आले तेव्हा काकीने कपाळाला हात लावला. "माणसांक जागा नाय, आणि ह्यांनी माश्यो हाडल्यानी!" घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. पेटी चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीआड गेली. तिची देखभाल काकांकडे आणि काम माझ्याकडे. पेटीखालच्या वाट्यांत मुंग्या येऊ नयेत म्हणून पाणी भरणं, फुलं नसतील त्या दिवसांत साखरेचा पाक करून आत ठेवणं. म्हणजे घरातल्या चौघांना मी रांधून घालायची आणि गच्चीवरच्या हजारोंनाही.

गावी याच माश्या गरीब होत्या, असं काका शपथेवर सांगायचे. पोळ्यात हात घातला तरी चावत नसत. मुंबईने त्यांना महिन्याभरात बदललं. गल्लीच्या तोंडाशी सरबतवाला उभा राहायचा, त्याच्या लाल बाटल्यांच्या तोंडावर आमच्या माश्या घोंगावायच्या. मिठाईच्या दुकानात जिलबीच्या परातीवर तर त्यांचा मुक्कामच. फुलं शोधत कोण हिंडणार? शेवगा, नारळ, बंद मिलच्या आवारातली झाडं, सगळं सोडून त्या आयत्या गोडावर पडीक झाल्या. गॅलरीतल्या दिव्यालाच ऊन समजून संध्याकाळी त्याच्यावर आपटायच्या. जरा धक्का लागला की अंगावर यायच्या. पहिला मध काढला तो लालसर निघाला आणि त्याला रासबेरीचा वास! काकांचा चेहरा बघवेना. "जात तीच, पण वळण बिघडलं," ते म्हणाले. आणि मग आठवडाभर जो भेटेल त्याला सांगत सुटले की, सजीव म्हणजे शेवटी काय, जिथे राहतो आणि जे खातो ते. मी त्यांच्या मागे पिशवी धरून उभी असायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग उन्हाळ्यात एकदा पेटी साफ करताना काकांच्या हातातून पोळ्याची चौकट निसटली आणि राणी चिरडली. तेव्हाचा तो आवाज. काका हबकून बसले. मी विचारलं, "आता?" तर म्हणाले, "थांब. त्याच करतील काय ते. राणीचं अंडं वेगळं नसतं गं. त्याच अंड्यांतलं एखादं निवडतील." आणि खरंच, दोन-चार दिवसांत पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी राणीघरं लोंबायला लागली. काका चौकट उन्हाकडे धरायचे आणि मला दाखवायचे. माझी नजर त्यांच्यापेक्षा तेज होती. तळाशी पांढऱ्या पातळ खिरीत तरंगणारी बारीकशी अळी मला आधी दिसायची. ती खीर म्हणजे राजान्न. तरुण माश्या ते आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून काढतात आणि अळीला भरवतात. "पहिले थोडे दिवस सगळ्यांना हेच मिळतं," काका सांगायचे, "कामकरी होणार असेल तिलाही. मग तिचं बंद करतात आणि पराग नि मध सुरू. राणी होणारीचं बंद होतच नाही. एवढाच फरक. मग एक राणी होते आणि एक मरेपर्यंत राबते."

मी विचारलं, "आणि बंद झाल्यावर परत सुरू केलं तर?"

"उशीर झाला तर काही उपयोग नाही," काका चौकट परत सोडत म्हणाले. "थोडाच उशीर असेल तर अर्धीमुर्धी राणी होते. फार झाला, की मग कितीही भरवा."

त्या वाक्याने माझी झोप उडाली. हे मी अलंकारिक म्हणत नाही. माझा तो 'थोडाच उशीर' असायचा काळ संपला का, याच एका गोष्टीने मला पछाडलं. आठवीचं गणित मी मनात करून बघायची आणि अडले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. विसरले मी! बंद झालं माझं! भांडी घासताना, रांगेत उभी असताना, काकीचे पाय चेपताना मी पाढे, धातूंची चिन्हं, कविता पुटपुटत राहायची. काकीला वाटलं मला बाहेरचं काहीतरी लागलंय. तिने माझ्यावरून मीठमिरच्या उतरल्या.

पुढे आयुष्यात मी या विषयावर पुष्कळ वाचलं. आता तर म्हणतात, राणी आणि कामकरी यांच्या जनुकांत काहीच फरक नसतो. त्यांतली कुठली जागी होतील आणि कुठली मिटून राहतील, हे भरवलेल्या अन्नावर ठरतं. त्याहून मला चटका लावला तो दुसऱ्या गोष्टीने. राणीला काहीतरी खास मिळतं एवढंच खरं नाही. कामकरी अळीला जे परागाचं अन्न देतात, त्यातच तिची वाढ एका बाजूने आखडून धरणारं काही असावं, असंही आढळलंय. म्हणजे कामकरी नुसती उरत नाही, तीही घडवली जाते, रोज, घासाघासाने. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चहा टाकायला उठले आणि चहा टाकायचाच विसरून ओट्याशी उभी राहिले. पण एक सांगते. राणीचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. जन्मभर अंधारात अंडी घालणार, बाहेरचं जग ती बघते ते जेमतेम. मला राणी व्हायचंच नव्हतं. मला नववीत जायचं होतं.

नवी राणी फिरायला लागली, अंडी दिसायला लागली आणि पेटीचा सूर परत लागला, त्या संध्याकाळी काका खुशीत होते. जेवताना त्यांची गाडी सुटली. "अंडं तेच! एका आईचं, एका पोळ्यातलं. वैशू, ऐकतेस का? परीक्षेत येईल कधी." मग कौतुकाने माझ्याकडे बघून म्हणाले, "मंदे, तू सांग तिला. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कामकरीचं काय होतं?"

मी वाढत होते. हातात आमटीचा डाव. म्हटलं, "तिचं राजान्न बंद होतं."

"आणि दुसरीचं?"

"तिचं चालू राहतं." मग माझ्या तोंडून ते निघालंच. "वैशूचं चालू आहे. माझं बंद झालं. एक वर्ष म्हणून आणलंत, काका. शाळेत घालतो म्हणालात. वर्ष झालं."

काकांचा घास हातातच राहिला. वैशालीने आपला दुधाचा पेला हळूच माझ्याकडे सरकवला आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मला दूध नको होतं! काकी चुलीपाशी बसली होती, म्हणजे स्टोपाशी. आम्ही त्याला चूलच म्हणायचो. ती उठली. मला वाटलं आता कानाखाली बसणार. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दूध मोजतंस गो? माका कोणी दिलेला दूध? परकरात होतंय मी, तेव्हा ह्याच लालबागात मावशीकडे इलंय. भांडी घासूक. लगीन होईसर घासलंय. माका कोणी इचारला, शाळेत जातंस काय म्हणून?"

 काकीचं शाळेत जाणं न जाणं हा विषय त्या घरात कधी निघालाच नव्हता. काकांनाही तो ठाऊक नव्हता, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. हातातला घास पानात ठेवून ते म्हणाले, "मी रजा टाकतो. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी का होईना, जाऊ आपण, मंदे." काकीने पाठ फिरवली. नंतरचे दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला वाटायचं, आता हीच काहीतरी आडकाठी घालणार. तिचं दुखणं वाढेल, नाहीतर कुणी पाहुणे येतील. मी ट्रंक उघडून दाखला तिथेच आहे ना ते बघायची, दिवसातून कितीदा तरी.

तो दिवस उजाडला तो ढगाळ. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आणि नेमकं त्याच सकाळी आभाळ बघून चाळीतल्या बायकांची धांदल उडाली. वर्षाचा मसाला व्हायचा होता. मिरच्या, धणे, सगळं गच्चीवर वाळत पडलेलं. पावसात भिजलं तर वर्ष गेलं. डंखावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीत, न्यायच्या आधी मिरच्या भाजायला हव्यात, आणि खोलीत भाजल्या तर मजला खोकून मरेल. काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की, बाया हो, गच्चीवर भाजणार असाल तर मला कळवा, पेटी हलवतो. त्या दिवशी काकांना शाळेची घाई, बायकांना आभाळाची. टाकीच्या बाजूलाच तीन स्टो पेटले. काकीही तिथेच होती, मिरच्यांची देठं काढत. तो ठसका वाऱ्याने सरळ पेटीच्या दारात शिरला.

मी वेणी घालत होते. वर बायका ओरडल्या. आम्ही धावत गच्चीवर गेलो तेव्हा पेटीच्या दारातून माश्या पाणी फुटावं तशा बाहेर पडत होत्या. सातेरी माशी अशीच. जागा नकोशी झाली की साठवलेलं सगळं सोडून, राणीला घेऊन, घरच्या घर उठून जाते. क्षणभर गच्चीवर तपकिरी ढग फिरला, मग कठड्यावरून मिलच्या आवाराकडे निघाला.

"मंदे, चादर घे! सूप घे!" काका जिन्याकडे धावत ओरडले.

"काका, शाळा!"

"अगं, बारापर्यंत आहे! आत्ता एखाद्या फांदीवर बसतील. तुझी नजर लागते मला. भरून आणू, मग जाऊ!" आणि ते गेलेसुद्धा. इस्त्रीच्या शर्टात, अनवाणी.

मी चादर घेतली. याचंच मला अजून नवल वाटतं. रागाने डोळे भरले होते, मनात ठो ठो बोंबलत होते की, बारा वाजतील, फांदी उंच असेल, आणि तरी माझे हात घडीची चादर उचलत होते, पाय जिना उतरत होते. वर्षभराच्या वळणाला कुणी सांगावंच लागत नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मागून कुणीतरी माझ्या हातातली चादर ओढली. काकी होती. जिना उतरून धापा टाकत होती, एक हात पोटाच्या जुन्या टाक्यांवर.

"दाखलो खंय आसा तुझो?"

"ट्रंकेत."

"काढ."

"काकी, काका बोलावतायत. आणि भात..."

"भाताक काय जाता? उतरून ठेव. ह्यो माणूस हातचा सोडून पळत्याच्या पाठी धावता, जन्मभर तेचा तेंच. माश्यो खंयही गावतल्यो. चेडवाचा शाळेचा वर्ष परत गावचा नाय. चल गो!"

तिने लुगडं बदललं नाही. पदराने तोंड पुसलं आणि चप्पल घातली. मी तिला कधी बाजार, देऊळ आणि हॉस्पिटल यापलीकडे जाताना पाहिलं नव्हतं. शाळा कुठे आहे हे मला वैशालीच्या बोलण्यावरून माहीत, पण रस्ता मीही चालले नव्हते. काकी हवालदाराला विचारायची, केळीवालीला विचारायची, आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत पुढे निघायची. मिलच्या भिंतीपलीकडून काकांची हाक आली, माझ्या नावाची. मी थबकले. काकीने मान वळवली नाही, माझं मनगट धरलं. मिरचीच्या हाताने. पोहोचेपर्यंत माझं मनगट पेटलं होतं. (माश्या काकांना मिळाल्या नाहीत. फांदी उंच होती. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि पुन्हा पेटीही आणली नाही.)

शाळेच्या कचेरीत पंखा फिरत होता आणि खिडकीशी दोन-तीनच माणसं उरली होती. कारकून वयस्कर होते. त्यांनी पिशवीतून दाखला काढला, उलटा सुलटा पाहिला. "वर्ष मोडलंय," ते म्हणाले.  मग म्हणाले, "आईवडील कुठे असतात?"

"गावाक," काकी म्हणाली.

"मग तुम्ही हिच्या कोण?"

इतकं सोपं उत्तर होतं. काकी. चुलती. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण काकीने मला मनगट दाबून गप्प केलं. ती खिडकीच्या कठड्यावरच्या आपल्या लालभडक बोटांकडे बघत होती.  मागच्या माणसाने घसा खाकरला.

"मी हिका जेवूक घालतंय," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेलेला की कारकुनांनी कान पुढे केला. मग तिने मान वर केली. "काय घातलंय, ता माका ठावक आसा. आता तुम्ही हिका शिकवा."